उद्याचे वाहन आणि एकोडीची पायरी

उद्याच्या वाहनांची सध्या मोठी चर्चा चालू आहे. विजेवर धावणारी, चालकावाचून चालणारी, प्रवाशाशी बोलणारी गाडी कशी असावी, तिचे आसन कसे वळावे, तिच्या पडद्यावर काय दिसावे, याचा विचार करणारे एक स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले आहे. वाहन घडविण्यापूर्वी ते वापरणाऱ्या माणसाचा अनुभव जाणून घ्यावा, असे हे शास्त्र सांगते. तत्त्व उत्तम आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘वापरणारा माणूस’ कोणाला म्हणावयाचे याबद्दल. ती निवड बाजाराने आधीच करून ठेवलेली असते. जो गाडी विकत घेऊ शकतो, तो वापरणारा! जो तिकीट काढून दांड्याला लोंबकळत जातो, त्यालाही काही अनुभव असतो, हे या पंडितांच्या गावीही नसते.

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील एकोडी घ्या. हा धानाचा मुलूख. दवाखाना, कचेरी, वरचे शिक्षण यांसाठी येथील माणसाला साकोलीची किंवा भंडाऱ्याची वाट धरावी लागते आणि स्वतःचे वाहन नसेल त्याला एसटी किंवा काळी-पिवळी यांखेरीज तिसरा मार्ग नाही. रोवणीच्या दिवसांत चिखलात कमरेतून वाकून राबणारी बाई उतारवयात गुडघ्यांनी अधू होते. तिच्यापुढे जी गाडी येऊन उभी राहते, तिची पायरी कोणाच्या गुडघ्याचे माप घेऊन ठरविली? उत्तर सरळ आहे : कोणाच्याच नाही. आपल्याकडची ग्रामीण बस ही मालमोटारीच्या धाटणीच्या सांगाड्यावर चढविलेली पेटी आहे. सांगाडा जेवढा उंच तेवढा तळ उंच, आणि तळ उंच म्हणून पायरी उंच. मालाला पाय नसतात, त्याला पायरीही लागत नाही. माल वाहण्याच्या सोयीतून जन्मलेल्या या उंचीवर माणसाने चढावे, असा हा न्याय आहे.

कमी उंचीची बस बांधता येत नाही असे मुळीच नाही. केंद्र सरकारच्या बस-विनिर्देशांत ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर उंचीच्या तळाच्या गाड्यांचे वर्गीकरण कधीच झालेले आहे. मात्र त्या विनिर्देशांचे नावच ‘नागरी बस’ असे आहे. म्हणजे गुडघा दुखावयाचा तर तो शहरात दुखावा!

कायद्यांची वाण नाही. अपंगांच्या समान संधीचा कायदा १९९५ साली झाला. डिसेंबर २०१५ मध्ये ‘सुगम्य भारत’ मोहिमेचा गाजावाजा झाला आणि सरकारी मालकीच्या सार्वजनिक वाहनांपैकी ठरावीक वाटा मार्च २०१८ पर्यंत सुगम करण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. पुढे मुदतवाढ आली. २०१६ च्या नव्या कायद्याने वाहतुकीतील सुगमता हा हक्क मानला. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की सुगमतेचे नियम म्हणजे केवळ मार्गदर्शक सूचना नव्हेत, ते बंधनकारक असले पाहिजेत. एकोणतीस वर्षांत एवढाच प्रवास! या काळात अपंगांचे ‘दिव्यांग’ असे नामांतर तेवढे तत्परतेने झाले. २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले, त्यांपैकी १ कोटी ८६ लाख खेड्यांत राहणारे होते. शहरासाठी विनिर्देश आणि खेड्यासाठी नवे नाव, अशी ही वाटणी आहे.

आणि ‘अपंग’ म्हटले की चाकाची खुर्ची एवढेच चित्र ज्यांच्या डोळ्यांपुढे येते, त्यांनी पूर्व विदर्भात येऊन पाहावे. सिकलसेलचा आजार या भागात मोठ्या प्रमाणावर आढळतो. २०१६ च्या कायद्याने त्याची गणना अपंगत्वात केली आहे. थंडी, अतिश्रम, शरीरातील पाणी कमी होणे यांपैकी कशानेही या रोग्याला असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. त्याच्या हाती काठी नसते, डोळ्यांवर काळा चष्मा नसतो. खच्चून भरलेल्या गाडीत राखीव आसनावर तो बसला तर धडधाकट म्हणून त्याला उठविले जाते. अशा प्रवाशाला बसण्याची हमी कशी द्यावी, हा गाडीच्या रचनेचा आणि वाहतुकीच्या नियोजनाचा खराखुरा प्रश्न आहे. तो भंडाऱ्याच्या प्रवाशाला विचारल्याशिवाय सुटणार नाही.

सरकार म्हणेल, आम्ही सवलती दिल्या. दिल्या, हे खरे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांना एसटीचा प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे झाले. या निर्णयांचे आम्ही स्वागतच करतो, कारण त्यांनी हजारो बायकांना घराबाहेर काढले. परंतु ज्या वृद्धेला गाडीत चढताच येत नाही, तिला मोफत तिकिटाचा उपयोग काय? सवलत भाड्यात मिळते, पायरीत मिळत नाही.

दुसरा आक्षेप असा, की खेड्यांतील रस्त्यांवर कमी उंचीची गाडी तळाला घासेल. हा आक्षेप खोटा नाही. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष खोटा आहे. गाडी खाली येत नसेल तर जमीन वर आणा : थांब्यावर दारासमोर उताराचा ओटा बांधा. दारात खाली उतरणारी जादा पायरी बसवा, दोन्ही बाजूंना हाताला येईल असा दांडा द्या, गावाच्या नावाची पाटी ठळक करा आणि अंध प्रवाशासाठी थांब्याचे नाव पुकारण्याची सोय करा. यात चालकावाचून चालणाऱ्या गाडीइतकी विद्वत्ता लागत नाही. लागते ती इच्छा.

खरा प्रश्न गाडी घडविण्याची सत्ता कोणाच्या हाती, हा आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील एसटीच्या स्वतःच्या कार्यशाळांत कामगारांनी गाड्यांचे सांगाडे सजवून बस उभ्या केल्या. जनतेच्या मालकीची कार्यशाळा असेल तर जनतेला तेथे जाऊन पायरीची उंची विचारता येते. पण २०२३ साली ५,१५० विजेच्या गाड्या भाड्याने घेण्याचा करार झाला, आणि २०२४ साली अशोक लेलँडकडे २,१०४ तयार बांधणीच्या गाड्यांची मागणी नोंदविण्यात आली. याच कंपनीचा कारखाना भंडारा जिल्ह्यात गडेगाव येथे आहे. जिल्ह्याचे हात गाडीचे भाग घडवितात, जिल्ह्याचे पाय मात्र त्या गाडीच्या हिशेबात नाहीत. गाडी एकदा घेतली की दहा-बारा वर्षे ती रस्त्यावर राहते. म्हणून करारापूर्वी जे विचारले गेले नाही, त्याची शिक्षा एका पिढीला भोगावी लागते.

५ जुलै १९७८ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर शहरात चाकाच्या खुर्चीवरील १९ जणांनी भर रस्त्यात बसगाड्या अडविल्या. त्यांची मागणी एकच होती : आम्हांला गाडीत चढता आले पाहिजे. बारा वर्षांनी, १९९० साली, तेथे कायदा झाला आणि नवी सार्वजनिक बस सर्वांना चढता येईल अशीच घेण्याचे बंधन आले. हा हक्क कोणत्याही कंपनीच्या अभ्यासगटाने दिलेला नाही. तो झगडून मिळविलेला आहे.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एसटीने नवी गाडी घेण्यापूर्वी तिचा नमुना प्रत्येक आगारात उभा करावा आणि वृद्ध, अपंग, गरोदर स्त्रिया, शाळकरी मुली यांना त्यात चढून-उतरून पाहू द्यावे. त्यांचे म्हणणे लेखी नोंदवून ते निविदेच्या अटींत घालावे. गाडी चालविणाऱ्या चालक-वाहकांना या सुनावणीत हक्काचे स्थान असावे. साध्या बसचा विनिर्देश खेड्यासाठीही लिहावा. एसटीच्या कार्यशाळा मोडीत न काढता त्यांना हे काम द्यावे.

१९५४ च्या पोटनिवडणुकीत याच भंडाऱ्याने समाजवादी अशोक मेहतांना लोकसभेत पाठविले आणि बाबासाहेब आंबेडकरांना मात्र हरविले. राजकीय समता सामाजिक समतेवाचून लंगडी राहते, हा बाबासाहेबांचा इशारा या जिल्ह्याला कोणी नव्याने शिकवावयास नको. मत सर्वांचे सारखे, पण गाडीत चढणार काहीच जण, ही समता नव्हे. साकोली आगारापुढे हा प्रश्न घेऊन जाण्याचे काम कार्यकर्त्यांनी आता हाती घ्यावे. सोबत एक मोजपट्टी न्यावी आणि पायरीपासूनच सुरुवात करावी.