एका मॅचची गुणपत्रिका

मॅच संपली की आपल्याकडे दोन प्रकारचे लोक उरतात. एक, जे टीव्ही बंद करून जेवायला बसतात. दुसरे, जे निकाल द्यायला बसतात. आजचा लेख या दुसऱ्या मंडळींबद्दल आहे आणि तो गोडीगुलाबीने लिहिलेला नाही. रविवारची दुपार शांततेत घालवायची असेल त्यांनी इथेच थांबावं.

तर, आधी केस समोर ठेवतो.

6 फेब्रुवारी 2024. दक्षिण आफ्रिकेतलं बेनोनी. 19 वर्षांखालील वर्ल्ड कपची सेमीफायनल, समोर यजमान संघ. भारताला 245 करायच्यात आणि स्कोअर आहे 4 बाद 32. अशा वेळी आपल्या बीडचा सचिन धस बॅटिंगला येतो. कर्णधार उदय सहारनबरोबर 171 धावांची भागीदारी करतो, स्वतः 95 चेंडूंत 96 काढतो. भारत 2 गडी आणि 7 चेंडू राखून जिंकतो.

11 फेब्रुवारी 2024. तेच मैदान, फायनल, समोर ऑस्ट्रेलिया. त्यांच्या 7 बाद 253. आपले सगळे मिळून 174. 79 धावांनी हार. सचिन धस, 8 चेंडूंत 9.

मधे फक्त पाच दिवस. या पाच दिवसांत बीडपासून पुण्यापर्यंतच्या चहाच्या टपऱ्यांवर, एसटी स्टँडवर आणि आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये या पोराचे दोन निकाल लागले. पहिला : "दुसरा तेंडुलकर सापडला राव!" (नाव सचिन, पाठीवर 10 नंबर, मग काय विचारता.) दुसरा : "लई हवा झाली होती. मोठ्या मॅचात नाय जमत त्याला."

पोरगा तोच. बॅट तीच. निकाल देणारेही तेच! बदलला तो फक्त एक आकडा.

माझं म्हणणं सरळ आहे. हे दोन्ही निकाल सारखेच बिनबुडाचे आहेत आणि दोन्ही एकाच आळसातून येतात. मॅच कुठल्या वळणावर होती, पोराला काम काय होतं, असं काम त्याने आधी किती वेळा केलंय, हे बघायला जरा डोकं चालवावं लागतं. ते कोण करणार? त्यापेक्षा शेवटचा आकडा वाचायचा आणि शिक्का मारायचा. सोप्पं.

आता हेच जरा नीट करून बघू. त्या स्पर्धेत धसने 7 डावांत 303 धावा केल्या, 260 चेंडूंत. त्यातल्या 212 धावा दोनच डावांत आल्या : नेपाळविरुद्ध 116 आणि सेमीफायनलच्या 96. मग उरलेले पाच डाव फेल? आयर्लंडविरुद्ध त्याने नाबाद 21 केल्या. दिसायला किरकोळ, पण त्या 9 चेंडूंत आहेत. बांगलादेशविरुद्ध नाबाद 26, त्या 20 चेंडूंत. म्हणजे काय, तर बऱ्याच मॅचमध्ये याचं काम होतं शेवटी येऊन हाणायचं. आणि ज्या दोन मॅचमध्ये वरची फळी लवकर गेली तिथे त्यानेच उभं राहून डाव बांधला. एकच पोरगा दोन वेगवेगळी कामं करत होता. नुसता 21 आणि 96 हा आकडा वाचणाऱ्याला एक डाव छोटा आणि एक मोठा दिसतो. कामं दोन होती हे त्याला कळतच नाही.

बीडच्या माणसाने तर हे विसरूच नये, कारण आपल्याकडे याचा धडा आधीच होऊन गेलाय. संजय बांगर, जन्म बीडचा. ऑगस्ट 2002, हेडिंग्ले कसोटी. ढगाळ हवा, ओलसर खेळपट्टी आणि गांगुलीने टॉस जिंकून बॅटिंग घेतली. सेहवाग 8 वर परत. बांगर ओपनिंगला येऊन 236 चेंडू खेळला आणि 68 धावा केल्या. द्रविडबरोबर 170 ची भागीदारी. मग द्रविड 148, तेंडुलकर 193, गांगुली 128, आणि भारत एक डाव 46 धावांनी जिंकला. आज कुणालाही त्या मॅचबद्दल विचारा, तीन शतकं घडाघडा सांगेल. 68 मधे कुठेतरी हरवतो. चुकून आठवलाच तर "किती स्लो खेळला होता" म्हणून आठवतो. अहो, चेंडू जुना करणं आणि खेळपट्टी वाळेपर्यंत टिकणं हेच त्याचं काम होतं! ते त्याने केलं म्हणून पुढचे तिघे मोकळे खेळले.

क्रिकेट सोडा. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे घ्या. 2022 च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने 8 मिनिटं 11.20 सेकंद वेळ नोंदवली आणि सुवर्णपदक 0.05 सेकंदाने हुकलं. ज्या शर्यतीत 1998 पासून तिन्ही पदकं केनियाच घरी नेत होता, तिथे हा मधे घुसला. मग 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ही शर्यत धावणाऱ्या भारतीय पुरुषांमध्ये फायनल गाठणारा तो पहिला ठरला. तिथे अकरावा आला. दुसऱ्या दिवशी कानावर काय आलं? "अकरावा आला म्हणे." बास. जणू शाळेच्या गॅदरिंगमध्ये अकरावा आला!

आता समोरून येणारे युक्तिवाद. मला ते पाठ झालेत.

एक : "आम्ही प्रेक्षक आहोत, बोलायचा हक्क आहे." आहेच की. कुणी काढून घेतला? पण हक्क असणं वेगळं आणि बोलण्यात काही अर्थ असणं वेगळं. "फायनलमध्ये धस अमुक चेंडूला घाई करून गेला, तिथे दोन ओव्हर थांबायला हवं होतं" अशी टीका जरूर करा. ती खेळावरची टीका आहे आणि ती ऐकून एखादा शिकू तरी शकतो. "त्याच्यात दमच नाही" ही टीका नव्हे. हे भविष्य आहे, आणि भविष्य सांगायला आपल्याकडे पोपटवाले आहेत.

दोन : "पुढे सीनियर लेव्हलला कोण दयामाया दाखवणार? आत्तापासून सवय हवी." उत्तर म्हणून एक फायनल सांगतो. 14 फेब्रुवारी 2016, मीरपूर, समोर वेस्ट इंडिज, भारत सर्वबाद 145, हार. त्या दिवशी ऋषभ पंतने केल्या 1. होय, एक. आपल्या टपरीच्या हिशेबाने तो तिथेच संपला होता. पण त्याच स्पर्धेत त्याने नेपाळविरुद्ध 18 चेंडूंत अर्धशतक आणि नामिबियाविरुद्ध शतक मारलं होतं, आणि ज्यांचं कामच पारखणं आहे त्यांनी तेही मोजलं. 19 जानेवारी 2021 ला गॅबावर नाबाद 89 मारणारा तोच.

उलटही सांगतो, नाहीतर म्हणाल सोयीचं तेवढंच उचललं. 26 ऑगस्ट 2012, टाउन्सव्हिल. फायनलमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध कर्णधार उन्मुक्त चंद नाबाद 111, वर्ल्ड कप आपला. निकाल लगेच तयार : पुढचा कोहली. तो भारताच्या मुख्य संघाकडून एकही सामना खेळला नाही आणि 2021 मध्ये भारतीय क्रिकेटमधून निवृत्त झाला. फायनलमधला 1 काही सांगत नाही आणि फायनलमधले 111 ही फारसं काही सांगत नाहीत. एका मॅचमध्ये तेवढी माहितीच नसते हो!

तीन, आणि हा मला सगळ्यात जास्त खटकतो : "जाऊ द्या, पोरं आहेत, काही बोलू नका." हा दयाळूपणा नको. 19 वर्षांचं पोरगं वर्ल्ड कप खेळतंय म्हणजे त्याचा खेळ गंभीरपणे बघणं हाच त्याचा मान. त्याचं कौतुक आणि चूक दोन्ही नेमकेपणाने सांगा. गोंजारणं आणि झोडपणं या दोन्हींत बघण्याचे कष्ट वाचतात, एवढंच.

आमच्या धंद्यात सिस्टिम पडली की आम्ही आधी लॉग बघतो. लोड किती होता, कुठली पायरी अडली, याआधी कधी असं झालं होतं का. कोड लिहिणाऱ्या पोराच्या खानदानावर बोलून काही दुरुस्त होत नाही. अर्थात हे सगळ्या कंपन्यांना कळतं असं नाही. माझ्या एका जुन्या कंपनीत एका नवीन पोराचं मॉड्यूल क्लायंट डेमोच्या दिवशी बंद पडलं. आधीचे आठ महिने ते सुरळीत चाललं होतं. वर्षाचं रेटिंग मात्र त्या वीस मिनिटांवर ठरलं. पोरगा सहा महिन्यांत सोडून गेला आणि त्याच्या जागी माणूस शोधता शोधता आमच्या नाकी नऊ आले. असो.

कुणी म्हणेल, टपरीवरच्या बोलण्याने असा काय फरक पडतो? धस काही तुमच्या टपरीवर येत नाही ऐकायला.

तो येत नाही. पण त्याच्यामागून येणारी पोरं आणि त्यांचे बाप तिथेच बसलेले असतात. बीड हा दुष्काळाचा आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांचा जिल्हा. इथे टर्फची खेळपट्टी जगवायला दर दोन-तीन दिवसांनी पाण्याचा टँकर विकत आणावा लागायचा, असं धसच्या वडिलांनी सांगितल्याचं छापून आलं होतं. प्यायच्या पाण्याची मारामार असलेल्या गावात खेळपट्टीला विकतचं पाणी! असा खर्च करणारा बाप रोज स्वतःला एकच प्रश्न विचारत असणार : चालू ठेवू का थांबवू? या बापाला निवड समितीची भाषा कुणी शिकवलेली नसते. त्याच्याकडे मोजमाप असतं ते तुम्ही-आम्ही दिलेलं. आपण जर दर संध्याकाळी हेच ऐकवलं की एका मॅचमध्ये पोराची लायकी कळते, तर त्याचं पोरगं जिल्ह्याच्या निवड चाचणीत एकदा शून्यावर आउट झालं की तोही तेच मोजमाप लावणार. किट विकलं जाईल आणि पोरगं दुकानात बसेल. त्याची बातमी कुठे येणार नाही, त्यामुळे आपल्याला कधी कळणारही नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये रणजीत मुंबईविरुद्ध दुसऱ्या डावात धसने 98 केल्या. आधी महाराष्ट्राचा पहिला डाव 126 वर आटोपला होता. या 98 वर टपरीवर चर्चा झालेली मी तरी ऐकली नाही. ज्यांनी फेब्रुवारीत "नाय जमत त्याला" असा निकाल दिला होता, त्यांच्यापैकी किती जणांनी हा डाव पाहिला असेल?

तेव्हा पुढच्या वेळी आपल्या भागातलं एखादं पोरगं टीव्हीवर दिसेल तेव्हा तोंड उघडण्याआधी तीन गोष्टी विचारा. तो आला तेव्हा स्कोअर काय होता? त्याचं काम काय होतं? आणि असं काम त्याने याआधी किती वेळा केलंय? तिन्हींची उत्तरं येत असतील तर खुशाल बोला, कडक बोला, मीही येतो भांडायला, चहा माझ्याकडून. येत नसतील तर स्कोअरकार्ड परत एकदा, वरपासून खालपर्यंत वाचा.