पंच कोण?

शाळेच्या तपासणीस गेलो की वेळापत्रकातील खेळाच्या तासिकेत प्रत्यक्ष काय चालते, हे मी आवर्जून पाहतो. रायपूर परिसरातील चित्र, आपण महाराष्ट्राबाहेर कोठेही राहत असलात तरी, ओळखीचेच वाटेल. दहा-बारा मुलगे क्रिकेट खेळत असतात, मुली भिंतीच्या सावलीत बसून त्यांची दप्तरे सांभाळतात आणि नोंदवहीत तासिका 'पूर्ण' झालेली असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेस मैदान व खेळसाहित्य बंधनकारक केले; समग्र शिक्षा योजनेत उच्च प्राथमिक शाळेसाठी वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत क्रीडा अनुदानाची तरतूद झाली. त्या पैशांतून बहुधा पुन्हा बॅट-बॉलच येतात.

या तासिकेत अल्टिमेट फ्रिस्बी शिकवावी, असे टिपण मी मध्यंतरी सादर केले. खेळ सोपा आहे. प्रत्येक बाजूस सात खेळाडू आणि १७५ ग्रॅम वजनाची प्लास्टिकची थाळी. थाळी हाती असलेल्याने धावायचे नाही, दहा सेकंदांच्या आत ती फेकायची. प्रतिपक्षाच्या टोकाच्या पट्ट्यात सहकाऱ्याने झेलली की गुण. अंगाला धक्का लावायचा नाही, त्यामुळे मुलगे-मुली एकाच संघात खेळू शकतात. आणि पंच नाही. जागतिक स्पर्धांतही नियमभंगाचा निर्णय खेळाडूच आपसांत करतात. एकमत झाले नाही तर थाळी मागच्या फेकणाऱ्याकडे परत जाते.

खेळ विदेशी आहे, हा पहिला आक्षेप. १९६८ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात शाळकरी मुलांनी तो सुरू केला, हे खरेच. पण व्हॉलीबॉलही अमेरिकेतूनच आला आणि त्याची जाळी आपण गावोगावी बांधली. २०२२ साली छत्तीसगढिया ऑलिंपिकमध्ये गेडी, फुगडी, भौंरा असे चौदा खेळ उतरले तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. पुढे सरकार बदलले आणि तो उपक्रम मागे पडला. देशी खेळाचेही आयुष्य शासकीय आदेशाएवढेच असेल, तर विदेशीपणाचा दोष कशाला द्यायचा? दुसरा आक्षेप पदकांचा, की हा खेळ ऑलिंपिकमध्ये नाही. सावलीत बसलेल्या त्या मुलींपैकी किती जणी पदक आणणार होत्या, एवढेच मी विचारतो.

तिसरा आक्षेप मात्र आम्हा प्रशासकांच्या हाडीमाशी भिनलेला आहे. "पंच नसेल तर मुले भांडतील." एका शाळेत मी दोन थाळ्या स्वखर्चाने नेऊन दिल्या होत्या. आठवीतल्या एका मुलीने पट्ट्यात झेल घेतला, सगळ्यांनी जल्लोष केला, आणि ती म्हणाली की थाळी आधी जमिनीला लागली होती. दुसऱ्या कोणी ते पाहिलेही नव्हते. तिचेच सहकारी तिच्यावर चिडले. शिक्षकांचा हात शिटीकडे गेला. मी त्यांना थांबवले. चार-पाच मिनिटे कडाक्याचा वाद झाला, मग गुण रद्द झाला आणि खेळ पुढे सुरू झाला.

येथेच थांबलो तर मी आपली फसवणूक करीन. पुढच्या भेटीत मुलगे आरडाओरडा करून प्रत्येक निर्णय आपल्या बाजूला वळवून घेत होते आणि दोन मुलींनी तर हरकत घेणेच सोडून दिले होते. पंच काढला की न्याय आपोआप येतो, असे नव्हे. ज्याचा आवाज मोठा तो पंच होतो. त्या शिक्षकांनी मग एक साधी गोष्ट केली : वाद झाला की ज्या दोघांचा वाद तेच बोलतील, बाकीचे खाली बसतील. महिन्याभराने त्या दोघी पुन्हा बोलू लागल्या. हे काम शिटी वाजवण्यापेक्षा कठीण आहे आणि त्यासाठीच शारीरिक शिक्षणाचा प्रशिक्षित शिक्षक हवा. आमच्याकडे त्याला शिपायांच्या रजेचा तक्ता लिहायला बसवतात.

तपासनिसावर तपासनीस नेमण्यात आमची हयात जाते. चौदा मुले आपापसांत एक निर्णय करू शकतील, ही शक्यता आम्हाला अराजकासारखी वाटते.

टिपण तीन महिन्यांनी परत आले. समासात शेरा होता : "प्रस्ताव चांगला. तथापि पंच कोण असेल ते स्पष्ट करून फेरसादर करावा."