पेजमेकरच्या पश्चात

एखाद्या जुन्या मराठी पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची ठरते आणि प्रकाशक अक्षरजुळणी करणाऱ्याकडे मूळ फाईलची चौकशी करतो. पुस्तक १९९५ ते २०१० या काळातले असेल तर उत्तर बहुधा ठरलेले असते : ‘फाईल आहे, पण पेजमेकरची आहे.’ नाशिक असो, पुणे असो की कोल्हापूर, या वाक्यातला ‘पण’ सगळीकडे सारखाच उच्चारला जातो. त्या एका अव्ययामागे अमेरिकेतल्या कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचा इतिहास आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी तो आजवर आपला मानलेला नाही. तो आपलाच आहे, असे मला म्हणायचे आहे.

पेजमेकर हे आल्डस या कंपनीचे अपत्य. पॉल ब्रेनर्ड यांनी सिएटलमध्ये स्थापन केलेल्या या कंपनीने १९८५ मध्ये ते बाजारात आणले. कंपनीचे नाव व्हेनिसचा थोर मुद्रक आल्डस मनुटियस याच्यावरून ठेवलेले होते. ग्रीक अभिजात ग्रंथ छापणारा, तिरप्या वळणाचा इटालिक टंक पहिल्यांदा वापरात आणणारा आणि विद्वानांच्या खिशात मावतील अशी पुस्तके काढणारा हा गृहस्थ. छपाईच्या परंपरेशी नाते सांगणारे असे नाव आज एखादी सॉफ्टवेअर कंपनी घेईल का, याची मला शंका आहे. १९९४ मध्ये अ‍ॅडोबीने आल्डस विकत घेतली आणि पेजमेकरचे मालक बदलले.

पुढे १९९९ मध्ये अ‍ॅडोबीने इनडिझाइन आणले. याची सुरुवात झाली होती ती आल्डसमध्येच, पेजमेकरचा वारसदार म्हणून. म्हणजे पेजमेकरला बाजूला सारणारे मूल त्याच घरात वाढत होते. पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ मध्ये आली, तीच अखेरची. २००४ मध्ये कंपनीने त्याचा पुढचा विकास थांबवल्याचे जाहीर केले. विक्री मात्र लगेच थांबली नाही. अशा साधनांचा मृत्यू सहसा असाच होतो. कोणी त्यांना मारत नाही. त्यांच्याकडे लक्ष देणारी माणसे दुसऱ्या कामाला लावली जातात, एवढेच.

दोन प्रतिस्पर्धी साधने एका छपराखाली आली की कोणते टिकते? गुणवत्तेचे टिकते, हे भाबडे उत्तर. मालकाच्या मूळ घरातले टिकते, हे जरा व्यवहारी उत्तर. अ‍ॅडोबीचाच इतिहास पाहिला तर दोन्ही अपुरी ठरतात. चित्ररेखनासाठी अ‍ॅडोबीचे इलस्ट्रेटर आणि आल्डस विकत असलेले फ्रीहँड हे कट्टर प्रतिस्पर्धी होते. १९९४ च्या खरेदीच्या वेळी अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने अट घातली : फ्रीहँड त्याच्या मूळ निर्मात्याला, म्हणजे आल्टसिस कंपनीला, परत करायचे आणि दहा वर्षे ते पुन्हा घ्यायचे नाही. आल्टसिस मॅक्रोमीडियाकडे गेली, फ्रीहँड तिथे वाढले. दहा वर्षे सरली आणि २००५ मध्ये अ‍ॅडोबीने मॅक्रोमीडियाच विकत घेतली. २००७ मध्ये फ्रीहँडचा विकास थांबल्याची घोषणा झाली. नियामकाने स्पर्धेला दिलेले आयुष्य दशकभराचे होते, त्यापुढचे कोणी पाहिले नाही. त्याच खरेदीत संकेतस्थळे बांधण्याचे ड्रीमविव्हर हे साधनही अ‍ॅडोबीकडे आले. इथे गळाली ती आधीची घरची बाजू : अ‍ॅडोबीचे गोलाइव्ह २००८ मध्ये संपले. (तेही १९९९ मध्ये विकत घेतलेलेच होते. घरचे आणि बाहेरचे हा भेद तरी किती पिढ्या मागे न्यायचा?) ज्याच्याभोवती वापरणाऱ्यांची गर्दी मोठी, त्याच्या बाजूने पारडे झुकते, असे दिसते. आणि त्या गर्दीत मराठी छापखाने मोजले गेले असतील, असे मानण्याचे काही कारण नाही.

मराठीपुरती या गोष्टीला एक वेगळी गुंतागुंत आहे. पेजमेकरला देवनागरी अजिबात कळत नव्हती आणि गंमत म्हणजे तेच त्याचे बळ होते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकची प्रणाली वापरून आपण अक्षरांचे तुकडे – काना, मात्रा, अर्धा वर्ण, रफार – रोमन चिन्हांच्या जागांवर बसवलेले असत. पेजमेकर भाबडेपणाने ती चिन्हे ओळीने मांडत जाई आणि पडद्यावर मराठी उमटे. संगणकाच्या लेखी त्या फायलीत मराठी नव्हतीच. फाँट काढून घेतला की राहत ती अर्थहीन रोमन अक्षरे, त्यांवरची टिंबे आणि आघातचिन्हे. शिवाय एका कंपनीच्या फाँटमधली मांडणी दुसऱ्या कंपनीच्या फाँटला समजत नसे. म्हणजे मजकुराला तीन आधार लागत : विशिष्ट साधन, विशिष्ट फाँट आणि दोन्ही चालतील असा संगणक. तिन्हींपैकी एकही आपल्या हाती नव्हता.

इनडिझाइनने ही अडचण दूर केली असती, पण ते देवनागरीसह भारतीय लिप्यांची जोडाक्षरे नीट मांडू लागले ते २०१२ च्या सीएस-६ या आवृत्तीपासून. तोवर मराठी अक्षरजुळणीकारांनी पेजमेकर सोडले नाही. त्यांना मागासलेले म्हणण्याची तेव्हा एक फॅशन होती. मला तो आरोप अन्यायाचा वाटतो. नवे साधन त्यांची भाषा बोलत नसताना ते तिकडे जाणार कसे? आणि २०१३ च्या पुढच्या आवृत्तीपासून इनडिझाइनने पेजमेकरच्या फायली उघडणेच बंद केले. एक दार आत घेण्यासाठी उघडले आणि वर्षभरात मागचे दार बंद झाले. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. इंग्रजीत काम करणाऱ्यांना स्थलांतराला चौदा वर्षे मिळाली, आपल्याला एक, आणि हा फरक कोणाच्या नजरेसही आला नाही.

याउलट एक अलीकडची घटना पाहण्यासारखी आहे. गिटहबने २०१४ मध्ये अ‍ॅटम नावाचे, आज्ञावली लिहिण्याचे साधन काढले. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहब विकत घेतली. मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे व्हीएस कोड तेव्हा लोकप्रिय होते, आणि ते ज्या इलेक्ट्रॉन या पायावर उभे होते तो पाया मुळात अ‍ॅटमसाठीच घातलेला होता. १५ डिसेंबर २०२२ रोजी अ‍ॅटमचा प्रकल्प बंद झाला. वापरणारे हळहळले, पण कोणाचे लेखन मात्र बुडाले नाही. कारण अ‍ॅटममध्ये लिहिलेले सारे साध्या मजकुराच्या रूपात होते, दुसऱ्या कोणत्याही साधनात ते जसेच्या तसे उघडते. शिवाय अ‍ॅटमची आज्ञावली खुली असल्याने काही जणांनी तिच्यावरून पल्सर नावाचे साधन पुढे चालू ठेवले. म्हणजे साधन मरणे आणि मजकूर मरणे या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात. आपल्या बाबतीत त्या एकमेकींना बांधल्या गेल्या.

यावर आमच्याच विभागातला नेहमीचा आक्षेप असा, की छापील पुस्तक तर कपाटात आहे, मग फाईल गेल्याने काय बिघडले? हा आक्षेप पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांनी घ्यावा याचे मला नवल वाटते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठांत घुसलेली भेसळ पाहून, हे आपण दरवर्षी वर्गात सांगतो. लेखनिकाच्या हातून पाठ कसा ढळतो याचे नमुने फळ्यावर लिहून दाखवतो. मग फाईल उघडत नाही म्हणून पुस्तक नव्याने टंकलिखित होते तेव्हा तिथे नवा लेखनिकच बसलेला नसतो का? परिवर्तकाने जुना फाँट युनिकोडमध्ये आणला तरी तेच. जुन्या मांडणीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर साठवलेला असे, युनिकोडमध्ये नेमके उलट. या उलटापालटीत रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, वेलांटी भलत्याच व्यंजनाला लागते. गद्यात मुद्रितशोधक ते पकडतो. कवितेत, विशेषतः बोलीतल्या किंवा मोडतोड केलेल्या भाषेतल्या कवितेत, चूक कुठली आणि कवीची लकब कुठली हे कोण ठरवणार? नव्वदोत्तरी कवितेचा बराचसा भाग लहान प्रकाशनांनी आणि अनियतकालिकांनी याच साधनावर काढलेला आहे. त्यांच्या प्रती मुळातच थोड्या निघाल्या.

दोष सगळा परदेशी कंपनीवर टाकता येणार नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. साधा, युनिकोडमधला मजकूर वेगळा जपून ठेवा असे ना प्रकाशकांनी सांगितले, ना लेखकांनी मागितले, ना विद्यापीठांनी शिकवले. आपण फाईल ही छपाईची पायरी मानली, आणि लेखकाने तपासलेला अखेरचा पाठ त्याच फाईलमध्ये होता.

एम. ए. च्या प्रकल्पांसाठी विषय सुचवताना मी अलीकडे एक साधे काम पुढे ठेवतो. नव्वदनंतरचा एखादा संग्रह घ्यावा, त्याचा अक्षरजुळणीकार हयात असेल तर त्याला गाठावे, फाईल मिळाली तर तिचे परिवर्तन करून छापील प्रतीशी ओळीने ताडून पाहावे आणि पाठभेदांची यादी करावी. हे समीक्षेचे काम नव्हे, अशी तक्रार विद्यार्थी करतात. खरे तर काम कंटाळवाणे आहे, एका संग्रहाला एक सत्र सहज लागेल. पण अक्षरजुळणीची जुनी माणसे आता निवृत्त होत आहेत आणि पेजमेकर चालणारे संगणक त्यांच्या घरीच राहिले आहेत, तेव्हा हा प्रकल्प पुढच्या वर्षावर ढकलू नये असे मी त्यांना सांगतो.