फवारणी करणाऱ्याचा परवाना

नांदेडच्या किंवा लातूरच्या एखाद्या नव्या वसाहतीत राहणाऱ्या गृहस्थाच्या घराला वाळवी लागली, तर तो कीडनियंत्रणाचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला बोलावतो. हा व्यवसाय करावयाचा तर शासनाचा परवाना लागतो. परवान्यासाठी कृषिशास्त्राची किंवा रसायनशास्त्र घेऊन विज्ञानाची पदवी लागते आणि म्हैसूर, हापूर वा हैदराबाद येथील केंद्रीय संस्थेत किमान पंधरा दिवस शिकल्याचा दाखला लागतो. चार भिंतींच्या आत, चार झुरळांसाठी कायद्याने एवढी दक्षता घेतली आहे आणि ती योग्यच आहे. परंतु त्याच गृहस्थाच्या गावाकडील शेतात त्याच दिवशी एखादा सालगडी किंवा रोजंदारीवरचा मजूर पंधरा-सोळा लिटरचा पंप पाठीला लावून कपाशीवर वा सोयाबीनवर त्याहून जहाल द्रव्य सकाळपासून फवारीत असतो. त्याला परवाना कोणी विचारीत नाही. बाटलीवरचे अक्षर त्याला वाचता येते की नाही, हेही कोणी विचारीत नाही. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची जमीन अद्याप गावी आहे; ती बटईने दिली जाते किंवा गड्याकडून करून घेतली जाते. तेव्हा हा प्रश्न खेड्यातल्या लोकांचा म्हणून बाजूस सारण्याची सोय आपणांस नाही.

ही विसंगती नजरचुकीने राहिलेली नाही. १९६८ च्या कीटकनाशके अधिनियमाच्या ३८ व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, स्वतःच्या घरगुती उपयोगासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीसाठी कोणी कीटकनाशक वापरले, तर त्या वापरास हा अधिनियम लागू नाही. या कलमाचा अर्थ लावावयाचा तर अधिनियमाचा जन्म कसा झाला हे आठवले पाहिजे. १९५८ साली केरळात आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात पॅराथिऑन हे विष मिसळलेले अन्न पोटात जाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. न्यायमूर्ती जे. सी. शाह यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. दहा वर्षांनी संसदेने कायदा केला आणि १९७१ मध्ये तो अंमलात आला. ज्यांच्या मरणामुळे हा कायदा झाला ती विष नकळत खाणारी माणसे होती. विष फवारणारी नव्हती. साहजिकच कायद्याने आपली सारी नजर उत्पादन, साठवण, वाहतूक आणि विक्री यांवर ठेवली व शेताच्या बांधापाशी येऊन तो थांबला. त्या काळी देशात धान्याची टंचाई होती आणि आपल्या दोन-चार एकरांवर थोडेबहुत औषध मारणाऱ्या शेतकऱ्यामागे निरीक्षकाचा ससेमिरा लावू नये, असे लोकप्रतिनिधींना वाटले असल्यास त्यात गैर काहीच नव्हते.

परंतु त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. लातूर जिल्ह्यात आज सोयाबीनचे साम्राज्य आहे. चक्रीभुंगा, खोडमाशी, पाने खाणाऱ्या अळ्या आणि तण यांच्यासाठी एका हंगामात अनेकदा पंप बाहेर काढावा लागतो आणि पुढे तुरी-हरभऱ्यावर घाटेअळी उभीच असते. नांदेडात किनवट, माहूर, हदगाव, भोकर या तालुक्यांत कपाशी आहे आणि अर्धापूरच्या बाजूस केळी व हळद. विशेष म्हणजे जमीन कसणारा एक आणि पंप पाठीवर घेणारा दुसरा, अशी फारकत आता सर्रास झाली आहे. मजुराला पुष्कळ ठिकाणी पंपाच्या हिशेबाने पैसे मिळतात. जितके पंप अधिक तितकी मजुरी अधिक. मग वारा समोरून आहे, ऊन चढले आहे, तोंडाला रुमाल नाही, म्हणून तो थांबेल अशी अपेक्षा कोणी करावी? नळीचे तोंड तुंबले की तो ते ओठांना लावून फुंकतो. अंगावर ओघळलेले द्रव्य घामाबरोबर कातडीत मुरते. पाणी भरून देणारी आणि फवारलेल्या शेतात दुसऱ्या दिवशी निंदणीला जाणारी त्याची बायको तर कोणाच्याच हिशेबात नाही. ३८ व्या कलमात सूट मिळाली ती स्वतःची जमीन कसणाऱ्याला. पण दुसऱ्याच्या जमिनीवर मजुरीने फवारणाऱ्याचा कायद्याच्या त्या शब्दांत मागमूसही नाही.

२०१७ साली याचा परिणाम दिसून आला. पैनगंगेच्या अलीकडे आपले किनवट-माहूर आणि पलीकडे यवतमाळ. त्या वर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे मृत्यू पावली आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाली. कपाशी माणसाच्या खांद्याला लागेल इतकी वाढली होती, बोंडअळी व रसशोषक किडींचा जोर होता, उकाडा होता, बॅटरीवर चालणारे नवे पंप बारीक तुषार उडवीत होते, आणि दोन-तीन द्रव्ये एकत्र कालवून मारण्याचा प्रघात पडला होता. शासनाने विशेष तपास पथक नेमले, मृतांच्या कुटुंबीयांस साहाय्य दिले, हातमोजे आणि मुखपट्ट्या वाटल्या. तीच काळी जमीन, तेच कापसाचे वाण, त्याच बाटल्या पैनगंगेच्या या तीरावरही होत्या. असल्या प्रसंगी अधिकारी मंडळी 'शेतकऱ्यांनी काळजी घेतली नाही' असे म्हणून मोकळी होतात, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते. ज्याला काळजी कशी घ्यावी हे शिकविण्याची जबाबदारी कोणावर टाकलेलीच नाही, त्याला निष्काळजी ठरविणे हा कोठला न्याय?

वस्तुतः भाषेपासूनच सुरुवात करावयास हवी. मोंढ्यातल्या दुकानापासून बांधापर्यंत या द्रव्यांना एकच नाव आहे : औषध. 'औषध मारायला गेलाय' असे म्हणतात. ज्याला औषध म्हटले त्याची भीती राहत नाही. बाटलीवर रंगाचा त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा आणि हिरवा सर्वांत सौम्य. लाल त्रिकोणावर कवटी आणि हाडे असतात. ही खूण निरक्षरासही कळावी म्हणूनच योजलेली आहे. परंतु खुणेचा अर्थ कोणी तरी एकदा सांगावा लागतो. आम्ही आयुष्याची काही वर्षे शाळेत शिकविण्यात घालविली आहेत. लिपी फळ्यावर काढून ठेवली म्हणजे मुलांस वाचता येते, असा अनुभव आम्हांस तरी आला नाही. बाटलीसोबतच्या कागदावर अनेक भाषांत मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत सूचना छापलेल्या असतात. त्या वाचण्यास आमच्यासारख्या चाळिशी लावणाऱ्यांस भिंगाचीच जोड लागेल.

इतरांचे पाहा. कारखानदारास केंद्रीय समितीकडे द्रव्याची नोंदणी करावी लागते आणि उत्पादनासाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो. विक्रेत्यास परवाना पूर्वीपासून आहेच; गेल्या दहा-बारा वर्षांत त्याला पदवी, पदविका अथवा ठरावीक अभ्यासक्रम यांचीही अट लागू झाली. आता आकाशातून फवारणी करणारे ड्रोन आले आहे. ते चालविणाऱ्यास २०२१ च्या नियमांनुसार चालकाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. २०२३ मध्ये केंद्र शासनाने बचतगटांतील स्त्रियांसाठी जी ड्रोन योजना मंजूर केली, तीत पंधरा दिवसांचे शिक्षण आहे. पाच दिवस यंत्र उडविण्याचे आणि दहा दिवस शेतीत फवारणी कशी करावी याचे. ही योजना आम्हांस मनापासून आवडली. फक्त एक प्रश्न पडतो. ड्रोन चालविणारी बाई विषापासून दूर, बांधावर उभी असते. तिला पंधरा दिवस शिकवावे लागते. जो त्या विषाच्या तुषारांतूनच चालतो, त्याला एक दिवसही नको?

बाहेरच्या देशांनी कसणाऱ्यास ही सूट ठेवलेली नाही. अमेरिकेत १९७२ पासून अधिक घातक द्रव्ये 'निर्बंधित' ठरवून ती केवळ प्रमाणपत्रधारकानेच, किंवा त्याच्या देखरेखीखाली, वापरावीत असा दंडक आहे आणि स्वतःच्या शेतात वापरणारा शेतकरीही त्यातून सुटत नाही. युरोपीय संघाने २००९ च्या निर्देशाने धंदेवाईक उपयोगाची कीटकनाशके प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असणाऱ्यासच विकावीत असे ठरविले. अर्थात् तेथील शेतकरी शेकडो एकरांचा धनी असतो. त्यांचा कायदा जसाच्या तसा येथे आणावा असे आम्ही म्हणणार नाही.

किंबहुना परवान्याविषयी आमच्या मनात जी धास्ती आहे ती आम्ही लपवू इच्छित नाही. आपल्याकडे परवाना म्हटले की खिडकी, रांग, झेरॉक्स प्रती आणि टेबलाखालचा व्यवहार हे डोळ्यांसमोर येते. उद्या फवारणीचा परवाना निघाला, तर तो जमीनदाराच्या नावावर निघेल, तसबिरीसारखा ओसरीत टांगला जाईल आणि पंप मजुराच्याच पाठीवर राहील. याहून वाईट गोष्ट आणखी आहे. राज्य शासनाची २०२३ पासूनची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना शेतीतील विषबाधेसही लागू आहे आणि मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये देते. परंतु ती खातेदारासाठी आणि त्याच्या कुटुंबातील एकासाठी. सातबाऱ्यावर नाव नसलेला मजूर तीत मुळातच बसत नाही. वाहनाच्या अपघातात चालकाचा परवाना मागण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. त्याच रीतीने उद्या 'मृताजवळ फवारणीचा परवाना नव्हता' असा शेरा मारून खातेदाराच्या विधवेलाही परत पाठविले जाणार नाही, याची हमी कोण देईल?

तरीही शिक्षणाची सक्ती हवी, असेच आमचे मत आहे. फक्त ती सक्ती कोणावर करावयाची, हे आधी ठरले पाहिजे. १९७१ च्या नियमांतील ४२ व्या नियमाने सुरक्षिततेचे शिक्षण देण्याची जबाबदारी उत्पादक, वितरक आणि फवारणीचा व्यवसाय करणारे यांच्यावर टाकलेली आहे. हा नियम पुस्तकात आहे. तो मोंढ्यात आणावा. लाल त्रिकोणाची बाटली ज्याच्या शेतासाठी विकली जाते, त्याच्याकडे पंप घेणारा माणूस शिकलेला आहे की नाही हे विक्रेत्याने पाहावे आणि नसेल तर त्याला शिकविण्याचा खर्च माल विकणाऱ्याने व जमीनधारकाने सोसावा. शिक्षण मजुराला फुकट, त्याच्या गावात, मराठीत आणि प्रत्यक्ष पंप हाती देऊन मिळावे. मात्रा कशी मोजावी, वाऱ्याकडे पाठ कशी ठेवावी, तुंबलेली नळी तारेने वा ब्रशाने कशी मोकळी करावी, डोळ्यांची बाहुली बारीक झाली आणि तोंडाला लाळ सुटली की काय ओळखावे, रिकामी बाटली फोडून का पुरावी, एवढे एका दिवसात शिकविता येते. त्या दिवसाची मजुरी बुडू देऊ नये. दाखला मिळेल तो मजुराच्या स्वतःच्या नावाचा असावा, म्हणजे शिकलेल्या माणसाला चार पैसे अधिक मागता येतील. आणि दाखला नसल्याच्या कारणावरून कोणाचेही अनुदान अडवू नये, असे शासनाने लेखी जाहीर करावे. किनवटहून नांदेडचे शासकीय रुग्णालय शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे; तेव्हा ॲट्रोपीनच्या सुया तालुक्याच्या दवाखान्यात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत पावसाळ्याआधीच भरून ठेवाव्यात, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये.

नव्या कायद्यासाठी थांबण्यात अर्थ नाही. २००८ मध्ये एकदा आणि २०२० मध्ये पुन्हा राज्यसभेत विधेयक मांडले गेले. दोहोंपैकी एकाचाही कायदा झाला नाही. आम्ही वर जे मागितले आहे त्यातील बहुतेक भाग जिल्हाधिकारी, जिल्हा कृषी अधीक्षक आणि विक्रेत्यांच्या संघटना यांना आजच्या नियमांखाली करता येण्यासारखा आहे. सोयाबीनची पहिली फवारणी पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांतच सुरू होते. शिबिरे रोहिण्यांत झाली तर त्यांचा उपयोग. श्रावणात झाली तर छायाचित्रे मात्र चांगली निघतील.