श्वासाचा हिशेब

गणित खोटे बोलत नाही, असे एक वाक्य सुशिक्षितांच्या बैठकीत नेहमी ऐकू येते. २०२० नंतर त्याच बैठकीत त्याच्या उलटे वाक्यही तितक्याच ठामपणे उच्चारले जाऊ लागले आहे : साथीची गणिते म्हणजे निव्वळ थोतांड. ही दोन्ही वाक्ये आळसाची आहेत. गणित खोटे बोलत नाही हे खरे, पण ते आपण होऊन खरेही बोलत नाही. आपण जी गृहीतके त्याच्या पदरात टाकू, त्यांची काटेकोर परिणती तेवढी ते सांगते. म्हणून साथीचे गणिती प्रारूप, ज्याला सर्रास मॉडेल म्हणतात, पुढे आले की उत्तराआधी त्याची गृहीतके तपासावी लागतात. जनावरांच्या साथीत तर ही तपासणी टाळणे अक्षम्य आहे, कारण तिथे आकड्याच्या मागोमाग सुरी येते.

ब्रिटनमधील २००१ सालची लाळ-खुरकुताची साथ हे याचे ठळक उदाहरण. हा रोग आपण तोंडाचा आणि खुरांचा म्हणून ओळखतो. परंतु त्याचा विषाणू गुरांच्या शरीरात बहुधा श्वासावाटेच शिरतो आणि बाधित जनावर उच्छ्वासातूनही तो बाहेर टाकते. (ब्रिटनमध्ये पोहोचलेल्या 'पॅन-एशिया' उपप्रकाराची पहिली नोंद १९९० साली भारतातली आहे, तेव्हा हे प्रकरण सर्वस्वी परक्याचे म्हणून बाजूला सारता येणार नाही.) या श्वासाच्या वाटेचा अभ्यास पिरब्राइट येथील संशोधक कित्येक वर्षे करीत होते. डुक्कर प्रचंड प्रमाणात विषाणू बाहेर सोडते, गाय-मेंढी त्या मानाने अत्यल्प. उलट गाय मोठ्या प्रमाणात हवा आत ओढते म्हणून तिला श्वासावाटे लागण चटकन होते. हे सारे त्यांनी प्रत्यक्ष जनावरांवर मोजले होते. मार्च १९८१ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात साथ उद्भवली आणि पाठोपाठ समुद्रापलीकडे जर्सी व वाइट बेटांवर रोग दिसला. तेव्हा डुकरांच्या उच्छ्वासाचे हे मोजमाप आणि वाऱ्याच्या नोंदी एकत्र मांडून, विषाणू सुमारे अडीचशे किलोमीटर वाऱ्यावरून आला असला पाहिजे, असा निष्कर्ष काढता आला. गणित आणि गोठा एकमेकांशी बोलत होते, असा तो प्रसंग होता.

वीस वर्षांनी हा संवाद तुटला. २० फेब्रुवारी २००१ रोजी रोग निश्चित झाला, २३ तारखेला जनावरांची वाहतूक बंद झाली. पण तोवर मेंढ्यांच्या बाजारांतून तो देशभर पसरला होता. मार्चमध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील गणिती गटाची प्रारूपे सरकारच्या मुख्य विज्ञान सल्लागारापुढे आली आणि त्यांच्या आधारे धोरण ठरले : बाधित फार्मवरची जनावरे चोवीस तासांत, आणि त्याला लागून असलेल्या फार्मांवरची अठ्ठेचाळीस तासांत मारावीत. शेजारचे जनावर आजारी आहे की नाही, हा प्रश्न या नियमात गैरलागू होता. लागून असणे हाच गुन्हा. रोग निश्चित झालेले फार्म २०२६. त्यांखेरीज हजारो फार्म रिकामे केले गेले आणि मारलेल्या जनावरांची संख्या ६० लाखांवर गेली.

प्रारूप मांडणारे अडाणी नव्हते. माझा आक्षेप त्यांच्या बुद्धीवर नाही. दोन फार्मांमधले अंतर आणि लागणीची शक्यता यांचा संबंध त्यांनी साथीच्या नोंदींवरून बसवला, आणि अपुऱ्या माहितीत तेवढेच शक्य होते. परंतु फार्म हे एकक धरले की फार्मवरचे जनावर दिसेनासे होते. तिथे डुकरे आहेत की चार मेंढ्या, मध्ये डोंगर आहे की ओढा, हे अनुभवी पशुवैद्य एका फेरीत सांगू शकला असता. तो सांगतही होता, पण त्याच्या शब्दाला समीकरणाची प्रतिष्ठा नव्हती. त्यातच, या विषाणूची वाऱ्यावरून पसरण्याची शक्ती पूर्वीच्या काही उपप्रकारांपेक्षा बरीच कमी आहे, असे पिरब्राइटचे मोजमाप त्याच वर्षी सांगत होते. मार्चअखेर नव्या रुग्ण-फार्मांची दैनंदिन संख्या शिगेला पोहोचून उतरू लागली. शेजार-कत्तल जेमतेम त्याच सुमारास सुरू होत होती. उताराचे श्रेय कोणाचे, यावरचा वाद अजूनही मिटलेला नाही.

आणि मग २०११. पिरब्राइटच्या संशोधकांनी बाधित गाय आणि निरोगी गाय ठराविक वेळा एकत्र ठेवून लागण नेमकी केव्हा होते हे पाहिले. रोगाची लक्षणे दिसल्यानंतर सरासरी अर्ध्या दिवसाने गाय संसर्गक्षम होते आणि ती अवस्था सरासरी पावणेदोन दिवसांच्या आत-बाहेर टिकते, असे आढळले. लक्षणे दिसण्याआधीच जनावर रोग पसरवते, ही धास्ती प्रतिबंधक कत्तलीचा मोठा आधार होती. म्हणजे आधार तपासणारा प्रयोग कत्तलीनंतर दहा वर्षांनी झाला! क्रम उलटा होता, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि 'एवढेच' हा शब्द इथे फार मोठा आहे.

आता थोतांडवाल्यांकडे वळू. २०१० साली घोड्यांच्या इन्फ्लुएन्झाचे एक प्रारूप प्रसिद्ध झाले. प्रयोगात बाधित केलेल्या तट्टांच्या शरीरातील विषाणूची आणि इंटरफेरॉनची मोजमापे त्यात वापरली होती. श्वसनमार्गाच्या सगळ्या पेशी संपल्यावर विषाणू थांबतो, की शरीर त्याआधीच उरलेल्या पेशींना बंदोबस्तात ठेवते, हे निव्वळ डोळ्यांनी पाहून कळत नाही. समीकरणांनीच ते सोडवले आणि कौल शरीराच्या बंदोबस्ताकडे गेला. असे काम फेकून देणारा मनुष्य विज्ञानाचा टीकाकार नसून त्याला कंटाळलेला असतो.

तरीही गृहीतकाचा काच सुटत नाही. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील दुभत्या गायींत बर्ड फ्ल्यूचा एच५एन१ विषाणू सापडला. इन्फ्लुएन्झा म्हणजे श्वासाचा रोग हे शतकभराचे ज्ञान. पण इथे विषाणूचे मुख्य ठाणे निघाले कासेत, आणि प्रसाराचे साधन दूध व दूध काढण्याची यंत्रे. श्वासाचे सर्वांगसुंदर प्रारूप कोणी गोठ्यावर बसवले असते, तर ते सर्वांगसुंदर चुकले असते.

आपल्याकडे फेब्रुवारी २००६ मध्ये नवापुरात बर्ड फ्ल्यू निश्चित झाला, तेव्हा नकाशावर कंपासने वर्तुळे काढून लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. ते वर्तुळ राज्याची सीमा मानत नव्हते. पलीकडे गुजरातेत उच्छलला तोच रोग सापडला. (सीमेवर पिढ्या काढलेल्या आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही.) पण वर्तुळ हेही प्रारूपच आहे, अगदी ओबडधोबड. रोग सर्व दिशांना सारखाच जातो, असे ते धरते. खाद्याची गाडी आणि अंड्यांचे ट्रे मात्र रस्त्याने जातात.

लाळ-खुरकुतासाठी २०१९ पासून आपल्याकडे राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रम आहे. आपल्याकडे त्या रोगासाठी सरसकट कत्तल होत नाही; गुरांचे बाजार बंद होतात, वाहतूक अडते, आणि दोन म्हशींवर चालणारे घर महिनाभर अडचणीत येते. असे निर्णय उद्या प्रारूपांवरून घेतले जाणार असतील तर जरूर घ्यावेत. मात्र विलायती गायीवर मोजलेला आकडा आपल्या लस टोचलेल्या म्हशीला मुकाट्याने चिकटवू नये. हुकमासोबत एक कोष्टक तहसील कचेरीच्या फलकावर लागले पाहिजे, त्या गावच्या भाषेत, मग ती मराठी असो, कानडी असो की गुजराती : यातला कोणता आकडा कुठल्या जनावरावर मोजला आहे, आणि कोणता नुसता धरून चाललेला आहे.