‘रेडी’चा दिवा लागत नाही तेव्हा : ग्राहक व्यवहार विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. सचिव,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
कृषी भवन, नवी दिल्ली

महोदय,

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गॅरेज चालवतो. वडिलांच्या हाताखाली पाना धरायला लागलो त्याला ३६ वर्षं झाली. आपल्या विभागानं २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टु रिपेअर’ पोर्टल सुरू केलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये आपण समिती नेमली होती. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं यांच्या जोडीला मोटारगाड्याही तिच्या कामात धरल्या होत्या. आमच्यासारख्यांचा कुणी विचार केला, असं वाटलं. हे पत्र त्या पोर्टलबद्दलच आहे. पण आधी एका गाडीची हकीकत सांगतो, कारण मला काय मागायचंय ते त्याशिवाय नीट कळणार नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक टोयोटा प्रियस टो करून आली. २०११ची. ही गाडी भारतात २०१० साली आली, तेव्हा किंमत फार होती, म्हणून विकली गेली थोडी. आमच्या भागात ती क्वचितच दिसते. मालकीण निवृत्त प्राध्यापिका, आम्ही त्यांना मॅडम म्हणतो. दीड महिना मुलीकडे राहून आल्या, तोवर गाडी अंगणात उभी. आल्यावर बटण दाबलं तर डॅशबोर्डवरचे दिवे लुकलुकले, आतून टकटक असा आवाज आला आणि सगळं विझलं. स्क्रीनवर क्षणभर ‘चेक हायब्रिड सिस्टम’ अशी सूचना दिसली.

आधी गाडी दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये गेली होती. तिथं स्कॅनर लावला, तर कोडची रांगच निघाली. त्यांनी सांगितलं, हायब्रिडची मोठी बॅटरी गेली. नवी टाकायची तर खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या वर जातो, त्यापेक्षा भंगारात द्या. त्या पोरांनी मॅडमना फसवलं असं मला अजिबात वाटत नाही. स्क्रीनवर जे लिहून आलं ते त्यांनी वाचलं. त्याचा अर्थ कसा लावायचा, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

मला तरी कुणी शिकवलं होतं? मीसुद्धा अडखळतच गेलो. आमच्या धंद्यातली सवय अशी, की गाडी चालू होत नसेल तर आधी बॅटरी बघायची. बॉनेट उघडलं तर बॅटरी दिसेना. ती मागे डिकीत असते, एवढं ऐकून होतो. पण डिकीचं कुलूप विजेवर चालतं आणि गाडीत वीजच नाही! रिमोटच्या पोटातली बारीक किल्ली काढून ड्रायव्हरचं दार उघडलं. मग माझा पोरगा मागच्या सीटवरून डिकीत शिरला, तोंडात टॉर्च धरून, आणि मागच्या दाराच्या आवरणाआड लपलेला खटका शोधत राहिला. तासभर गेला. घामानं निथळत त्यानं दार उघडलं, तेव्हा कोपऱ्यात झाकणाखाली ती छोटीशी १२ व्होल्टची बॅटरी दिसली. मल्टिमीटर लावला, आकडा आला ९.८. चांगली बॅटरी उभ्या गाडीत साडेबाराच्या वर दाखवते.

तेवढ्यात मॅडमनी ग्लोव्ह बॉक्समधून गाडीचं पुस्तक काढलं आणि एक चित्र पुढं केलं. बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये लाल टोपीखाली एक टर्मिनल दिलेलंच असतं, डिकीतल्या बॅटरीला बाहेरून वीज देण्यासाठी. ज्या बॅटरीपर्यंत पोचायला आम्ही तासभर झटलो, तिची एक वायर पुढं हाताशीच होती. आम्हाला ते माहीत नव्हतं एवढंच.

लाल टोपी उघडली. जम्पर केबलचं धनाचं टोक तिथं लावलं, ऋणाचं टोक इंजिनजवळच्या उघड्या लोखंडाला, आणि पाच मिनिटं थांबलो. मॅडमनी ब्रेक दाबून बटण दाबलं. ‘रेडी’चा हिरवा दिवा लागला. थोड्या वेळानं इंजिनही आपोआप सुरू झालं. मागच्या बॅटरीवर मीटर १४ दाखवत होता, म्हणजे मोठ्या बॅटरीकडून छोटीचं चार्जिंगही ठीक चाललं होतं. मग कोड पुसले आणि गाडी घेऊन कागलपर्यंत जाऊन आलो. एकही कोड परत आला नाही.

साहेब, आता यामागचं कारण सांगतो, कारण सगळी मेख तिथंच आहे. साध्या गाडीत १२ व्होल्टची बॅटरी स्टार्टर फिरवते. बॅटरी मरायला लागली की सेल्फ जड मारतो, घर्रऽ घर्रऽ करतो, आठ-पंधरा दिवस आधीपासून माणसाला सावध करतो. प्रियसला तो स्टार्टरच नाही. इंजिन फिरवते गाडीतलीच एक मोटर, २०१.६ व्होल्टच्या मोठ्या बॅटरीवर. छोट्या बॅटरीचं काम फक्त कॉम्प्युटर जागे करायचे आणि मोठ्या बॅटरीचे रिले ओढायचे. ताकदीचं काम तिला नाही, म्हणून ती लहान असते, आणि म्हणूनच मरताना काही सांगत नाही. काल गाडी चालत होती, आज नाही. त्यात स्मार्ट की असलेली गाडी बंद असतानासुद्धा थोडी थोडी वीज पीत राहते. दीड महिना उभी राहिलेली जुनी बॅटरी बसणारच.

आणि व्होल्टेज बसलं की गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलू शकत नाहीत. मग प्रत्येकजण दुसऱ्याबद्दल तक्रार नोंदवतो. तीच ती कोडची रांग. स्कॅनरवर ‘हायब्रिड’ हा शब्द दिसला की माणसाचं मन थेट लाखांच्या बॅटरीकडं जातं. बिघाड असतो काही हजारांच्या बॅटरीत.

धक्का मारून ही गाडी चालू होत नाही, हेसुद्धा कित्येकांना माहीत नाही. चौकात चार माणसं घाम गाळताना मी पाहिली आहेत.

मोठी बॅटरी कधीच जात नाही, असं मी म्हणत नाही. जाते. त्याच वर्षी दुसरी एक अशीच जुनी गाडी आली, तिचा दोष खरोखर मोठ्या बॅटरीत होता. मागच्या सीटच्या बाजूला बॅटरीला हवा देणारी एक जाळी असते. मालकांनी तिच्यापुढं वर्षानुवर्षं सतरंजी आणि पिशव्या ठेवल्या होत्या. पंख्याच्या पात्यांवर धुळीचा नमदा बसला होता, बोटानं सोलून काढावा लागला. त्या बॅटरीत १.२ व्होल्टचे १६८ सेल असतात, सहा सेलचं एक मॉड्यूल, अशी २८ मॉड्यूल. गाडीचा कॉम्प्युटर दोन-दोन मॉड्यूलची जोडी धरून असे १४ ब्लॉक मोजतो. गाडी जोर लावताना एखादा ब्लॉक बाकीच्यांपेक्षा व्होल्टभर खाली गेला, तर त्यातला एक सेल मेला असं समजायचं. कधी सेल ठणठणीत असतात आणि त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढलेला असतो. पट्ट्या घासून पुसल्या की काम भागतं. हे १४ आकडे दिसले तर माणूस खरं सांगू शकतो. बाजारातले बहुतेक स्वस्त स्कॅनर ते दाखवत नाहीत, नुसता ‘बॅटरी बदला’ असा कोड दाखवतात.

आता माझं मागणं. आपल्या पोर्टलवर कंपन्यांची नावं आहेत, सर्व्हिस सेंटरचे पत्ते आहेत, काही पुस्तकंही आहेत. पण गाडी चालू होत नाही तेव्हा पहिली तपासणी कोणती, दुसरी कोणती, कुठल्या आकड्याला काय समजायचं, हा क्रम मला हवा आहे. तो कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये छापलेला असतो. गाडी विकली जाते, पुस्तक मात्र कंपनीच्या कपाटात राहतं. माझ्या मते दोष शोधायची पद्धत हा गाडीचाच एक भाग आहे, जसा जॅक आणि स्टेपनी. गाडीबरोबर ती मालकाकडं आली पाहिजे. ज्या गाड्या आता विकल्या जात नाहीत त्यांची तर आधी. नव्या गाडीला कंपनी उभी असते. बंद झालेल्या मॉडेलला आमच्यासारख्यांशिवाय कुणी नसतं.

हे काही जगावेगळं मागणं नाही. युरोपीय संघात २००७ पासून कायदा आहे, की दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकलाही मिळाली पाहिजे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ साली मतदान करून तसा कायदा करून घेतला. आणि आपल्याकडं भारतीय स्पर्धा आयोगानं २०१४ च्या ऑगस्टमध्ये १४ मोटार कंपन्यांना सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुली करायला सांगितलं होतं, दंडही ठोठावला होता. प्रकरण पुढं अपिलात गेलं. आयोगाचा तो आदेश आला तेव्हा माझा पोरगा शाळेत होता. आज तो माझ्या शेजारी काम करतो आणि तीच माहिती त्याला अजून मोबाईलवर कुठल्यातरी परदेशी माणसाच्या व्हिडिओतून गोळा करावी लागते.

कंपन्या म्हणतील, यात २०० व्होल्टच्या वर वीज आहे, माहिती उघडी केली तर माणसं मरतील. ही काळजी खरी आहे आणि मी ती हलकी मानत नाही. मोठ्या बॅटरीची वीज वाहणाऱ्या नारिंगी वायरीला हात लावायच्या आधी ती बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग काढायचा, १० मिनिटं थांबायचं, कारण इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते, १००० व्होल्टचे रबरी हातमोजे फाटलेत का ते फुगवून बघायचं, अंगावरचा धातू उतरवायचा. माझ्याकडच्या एका पोराच्या हातात चांदीचं कडं होतं, आजीनं घातलेलं. ते काढायला तो तयार होईना, तेव्हा मी त्याला गाडीपासून लांब उभं केलं. पण साहेब, मला हे कुणी सांगितलं होतं? मी स्वतः वाचत, विचारत शिकलो. माहिती दडवली म्हणून पोरं नारिंगी वायरीपासून लांब राहत नाहीत, ती न कळता हात घालतात. जीव वाचवायचा असेल तर हे कागद मराठीत, कन्नडमध्ये, तमिळमध्ये प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर चिकटवलेले असले पाहिजेत. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या पोराला पहिल्याच वर्षी नारिंगी रंगाचा अर्थ शिकवला पाहिजे. ते खातं आपलं नाही, हे मला माहीत आहे. पण आपण कळवलंत तर तिथं ऐकलं जाईल.

आणि हे आत्ताच का लिहितोय, तेही सांगतो. २०२२ पासून होंडा सिटी, हायरायडर, ग्रँड विटारा या हायब्रिड गाड्या बाजारात आल्या. मॅडमच्या प्रियससारख्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या नाहीत, आमच्या गल्लीतच तीन आहेत. त्यांच्या मोठ्या बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. म्हणजे २०३० पासून त्या एकेक करून वॉरंटीबाहेर पडतील, हप्ते फेडून मोकळ्या झालेल्या लोकांच्या हातात, आणि त्यांच्याकडून सेकंडहँड घेणाऱ्यांच्या हातात. लुकलुकणारे दिवे आणि ‘चेक हायब्रिड सिस्टम’ घेऊन त्या सांगली, बार्शी, उदगीरच्या गॅरेजमध्ये येतील. तोवर आपल्याकडं थोडी वर्षं आहेत. वस्तू दुरुस्त करायला किती सोपी हे सांगणाऱ्या दुरुस्ती निर्देशांकाचं काम आपण मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंपासून सुरू केलंत, ते चांगलंच आहे. पण गाडी ही मध्यमवर्गीय घरातली घरानंतरची सगळ्यात मोठी खरेदी असते. तिला फार काळ रांगेत उभं करू नका.

मॅडमच्या गाडीला योग्य बॅटरी मिळवायला आठ दिवस लागले. साधी बॅटरी आम्ही मुद्दाम बसवली नाही. प्रियसची बॅटरी बंद डिकीत असते, तिचा वायू नळीवाटे गाडीबाहेर जावा लागतो, आणि साध्या बॅटरीला ती सोय नसते. हेही त्या पुस्तकातल्या चित्रावरूनच कळलं. बॅटरी बसवली त्या दिवशी मॅडम डिकीजवळ उभं राहून सगळं बघत होत्या. सर्व्हिस प्लग कुठं असतो तेही त्यांनी विचारून घेतलं आणि वहीत लिहिलं.

तशीच एक वही मीही ठेवली आहे. हायब्रिड चालू होत नसेल तर काय, कशानंतर काय बघायचं, कुठल्या वायरीला हात लावायचा नाही, असं सगळं मराठीत, चित्रांसकट. तिची सहा पानं या पत्रासोबत जोडतो आहे. ती कंपन्यांच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्या. त्यात चूक असेल तर मला कळवा, मी लगेच दुरुस्त करीन. बरोबर असतील तर पोर्टलवर टाका. माझं नाव नसलं तरी चालेल.

आपला नम्र,
एक गॅरेजवाला
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर