ॲबर्डीनच्या बागेचे राजकारण

दिवाळी अंकात नगरपालिकेच्या निवडणुकीवर लिहायचे म्हणजे फराळाच्या ताटात कारल्याची फोड वाढायची, अशी तक्रार काही वाचक करतील. त्यांना एवढेच सांगतो की, कोकणात नरकचतुर्दशीच्या पहाटे पायाच्या अंगठ्याखाली कारीट चिरडून आधी जिभेला कडू लावतात आणि मगच पोह्यांकडे वळतात. शिवाय आजची हकीकत निवडणुकीची असली, तरी तिच्या मुळाशी आहे एक बाग.

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर ॲबर्डीन नावाचे शहर आहे. सारे गाव करड्या ग्रॅनाइटचे. ऊन पडले की तो दगड चमचम करतो आणि आभाळ आले की सगळे शहर रागावलेल्या हेडमास्तरांसारखे दिसू लागते. पूर्वी मासळीवर जगणारे हे बंदर १९७० नंतर उत्तर समुद्रातल्या तेलावर गबर झाले. गावाच्या मधोमध युनियन स्ट्रीट हा हमरस्ता, आणि त्याच्या पुलालगतच्या खोलगट दरीत १८७९ साली केलेली युनियन टेरेस गार्डन्स ही बाग. उतारावर हिरवळ, जुने एल्म वृक्ष, एका अंगाने आगगाडीचे रूळ. वरच्या बाजूला ग्रंथालय, चर्च आणि नाटकगृह अशी तीन इमारतींची रांग. गावकरी थट्टेने या तिघींना ‘विद्या, मुक्ती आणि अधोगती’ म्हणतात!

बाग सुंदर, पण जिना उतरून जायची. हळूहळू तिच्याकडे दुर्लक्ष झाले. २००८ साली तेलाच्या धंद्यात नाव कमावलेले तिथले उद्योगपती सर इयन वुड पुढे आले आणि शहराला ५ कोटी पौंड देऊ म्हणाले. देणगी थोर, पण तिला अट होती. दरी रस्त्याच्या पातळीपर्यंत वर आणायची आणि तिच्यावर नवा चौक, नवे उद्यान उभारायचे. एकंदर खर्च १४ कोटी पौंडांचा, आणि बाकीच्या रकमेतला मोठा हिस्सा नगरपालिकेने कर्ज काढून घालायचा. पुढे व्यापार वाढेल, त्याबरोबर कर वाढेल आणि त्यातून कर्ज फिटेल, असा हिशेब मांडलेला. आता गंमत पाहा. हा जो युनियन स्ट्रीट, तो बांधण्याच्या कर्जापायी ॲबर्डीनचे दिवाळे १८१७ साली एकदा वाजलेले आहे! पण तोच रस्ता पुढे शहराचे वैभव ठरला. त्यामुळे इतिहासाचा दाखला दोन्ही बाजूंना सारखाच उपयोगी पडत होता.

गावात दोन तट पडले. ‘शहर मागे पडते आहे, आलेली लक्ष्मी परत धाडू नका,’ असे एक तट म्हणे. ‘आमची हिरवी दरी बुजवून वर कर्जाचा डोंगर कशाला?’ असे दुसरा विचारी. २०१० साली लोकांची मते मागवली, तेव्हा सुमारे १२ हजार उत्तरे आली आणि त्यांतली बहुसंख्य विरोधी होती. तरीही काम पुढे रेटले गेले. पालिकेत तेव्हा उदारमतवादी आणि स्कॉटिश राष्ट्रवादी यांची युती होती. २०१२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या एका नामांकित वास्तुशिल्पी मंडळीचा आराखडा पसंत झाला. त्याचे नाव ‘ग्रॅनाइटचे जाळे’. मग पालिकेने सरळ जनमतच घेतले. टपालाने मत द्या, टेलिफोनवरून द्या, नाही तर इंटरनेटवरून द्या. निकाल लागला तो असा: योजनेच्या बाजूने ४५,३०१, विरुद्ध ४१,१७५. निम्म्याहून थोड्या अधिक मतदारांनी भाग घेतला होता.

येथे गोष्ट संपायला हवी होती. पण दोनच महिन्यांनी, ३ मे २०१२ रोजी, नगरपालिकेची निवडणूक आली.

स्कॉटलंडमध्ये ३२ स्थानिक परिषदा आहेत. शाळा, घरे, रस्ते, कचरा, वृद्धांची देखभाल ही कामे त्यांच्याकडे. पूर्वी तिथेही ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, अशी सुटसुटीत पद्धत होती. तिचा परिणाम असा, की २००३ साली ग्लासगोत मजूर पक्षाला निम्म्याहून कमी मते पडली आणि ७९ पैकी ७१ जागा मिळाल्या! म्हणून २००७ पासून पसंतिक्रमाची पद्धत आली. तेव्हा एका प्रभागातून तीन किंवा चार नगरसेवक असत. मतदाराने उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे. चार जागा आणि ५,००० वैध मते असतील, तर १,००१ मते मिळाली की उमेदवार निवडून आला. त्याला जास्तीची पडलेली मते ठरलेल्या प्रमाणात पुढच्या पसंतीला जातात. तळाचा उमेदवार बाद झाला की त्याचीही मते तशीच पुढे सरकतात. अपूर्णांकांचा हा खटाटोप यंत्रावर होतो, त्यामुळे मास्तरांना घाम फुटत नाही. मत वाया जात नाही हा या पद्धतीचा गुण. कुणालाही सहसा बहुमत मिळत नाही, हे त्या गुणाबरोबर येणारे लटांबर. म्हणजे खरे राजकारण मतपेटी उघडल्यावर सुरू होते.

ॲबर्डीनच्या ४३ जागांपैकी मजूर पक्षाला १७, स्कॉटिश राष्ट्रवादींना १५, उदारमतवाद्यांना ५, हुजूर पक्षाला ३ आणि अपक्षांना ३ मिळाल्या. उदारमतवादी मागच्या खेपेला १५ होते. बागेची योजना रद्द करू, असे वचन मजूर पक्षाने उघडपणे दिले होते. त्याने हुजूर आणि अपक्ष यांना बरोबर घेतले आणि २३ डोक्यांची आघाडी उभी केली. लंडनच्या पार्लमेंटात मजूर आणि हुजूर म्हणजे सापमुंगूस. ॲबर्डीनात ते एकाच बाकावर बसले. ऑगस्टमध्ये योजना मतास आली. हात वर झाले: विरुद्ध २२, बाजूने २०. योजना बारगळली.

आता वाचकहो, न्याय तुम्हीच करा. मार्चमध्ये लोक ‘हो’ म्हणाले, मे महिन्यात त्याच लोकांनी ‘नाही’ म्हणणाऱ्यांना सर्वाधिक जागा दिल्या. खरा कौल कुठला धरायचा? जनमताला निम्म्याहून अधिक लोक आले. त्या वर्षीच्या परिषदांच्या निवडणुकीत मतदान स्कॉटलंडभरच ४० टक्क्यांच्या आसपास होते आणि ॲबर्डीनात त्याहूनही कमी. अधिक लोकांचा निर्णय कमी लोकांनी निवडलेल्यांनी मोडावा काय? उलट बाजूही तितकीच भक्कम आहे. जनमतात एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे होते. कर्ज चुकले तर शाळेचा कोणता वर्ग बंद पडेल, हा विचार करण्याची जबाबदारी मतदारावर नव्हती, ती नगरसेवकावर होती. जनमत घेताना सल्ला मागितला होता, सही घेतली नव्हती.

आमच्या मते नगरसेवकांना तो अधिकार होता, आणि त्यांनी लोकांपासून काही लपवूनही ठेवले नव्हते. मात्र अधिकार वापरला की त्याबरोबर ४५,३०१ माणसांचे देणे डोक्यावर येते. ‘ही योजना नको’ म्हणणाऱ्याने ‘मग बागेचे काय?’ याचे उत्तर त्याच दिवशी द्यायला हवे. ॲबर्डीनला ते उत्तर मिळायला दहा वर्षे लागली. दुरुस्त झालेली बाग २०२२ च्या डिसेंबरात उघडली. दरी दरीच राहिली, खाली उतरायच्या वाटा सुधारल्या, दिवे लागले. खर्च सुमारे ३ कोटी पौंड आला, तो सार्वजनिक पैशातून.

या दहा वर्षांतला आणखी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. २०१७ च्या निवडणुकीत राष्ट्रवादी ४५ पैकी १९ जागा घेऊन पहिले आले, मजूर पक्षाचे नऊच उरले. त्या नऊ जणांनी पुन्हा ११ हुजूर आणि काही अपक्ष यांच्याशी सोयरीक जमवली. पाच वर्षांपूर्वी हाच संसार पक्षाने चालवून घेतला होता. पण या वेळी देशाची सार्वत्रिक निवडणूक तीन आठवड्यांवर आली होती. हुजुरांविरुद्ध गावोगाव प्रचार करायचा आणि ॲबर्डीनात त्यांच्याच पंगतीला बसायचे, हे वरिष्ठांना परवडणारे नव्हते. नऊच्या नऊ निलंबित झाले. त्यांनी राजीनामे दिले नाहीत, आघाडीही मोडली नाही. शहराचा कारभार पाच वर्षे चालवला. एडिंबरोत २०२२ साली याचीच दुसरी आवृत्ती निघाली. ६३ पैकी १३ जागांचा मजूर पक्ष हुजूर आणि उदारमतवाद्यांच्या पाठिंब्यावर सत्तेत बसला. ‘आघाडी नव्हे, नुसता पाठिंबा’ असे नाव ठेवून घेतले. आणि तिथे साथ न देणाऱ्या दोघा मजूर नगरसेवकांवर निलंबनाची पाळी आली. ॲबर्डीनात जे केले म्हणून शिक्षा, ते एडिंबरोत केले नाही म्हणून शिक्षा!

पक्षाच्या कचेरीत बसलेल्याला देश दिसतो, नगरसेवकाला गल्लीतला खड्डा दिसतो. दोन्ही खरे असतात. पण मतदार मत देतो ते पक्षाचे नाव वाचून, आणि कैफियत घेऊन जातो ती नगरसेवकाच्या दारी. म्हणून निवडणुकीआधी प्रत्येक उमेदवाराला एक प्रश्न विचारावा: ‘बहुमत मिळाले नाही, तर तुम्ही कुणाबरोबर बसाल?’ पसंतिक्रमाच्या पद्धतीत हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असतो आणि सर्वांत कमी विचारला जातो. तेलाच्या धंद्यापायी किंवा शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या आपल्या मंडळींनीही हे ध्यानात ठेवावे. राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून, तिथे कायदेशीर वास्तव्य असेल तर, त्यांनाही परिषदेच्या निवडणुकीत मत आहे. सोळा वर्षांच्या मुलामुलींनासुद्धा आहे.

शेवटी एक नवल सांगून थांबतो. २०२२ च्या निवडणुकीनंतर ॲबर्डीनात राष्ट्रवादी आणि उदारमतवादी यांची युती पुन्हा सत्तेवर आली. म्हणजे ज्यांच्या कारकीर्दीत दरी वर आणायचा घाट घातला गेला, त्याच दोन पक्षांच्या राज्यात ती जुनी दरी नव्याने उघडली. ‘हो’ म्हणणारे ४५,३०१ आणि ‘नाही’ म्हणणारे ४१,१७५ यांच्यापैकी जे अजून त्या गावात आहेत, त्यांना बसायला बाके तीच आहेत.